झाकणावरची आंबील

मला लिहिता येत नाय. माझी सही बघून बँकेतली बाई एकदा म्हणाली होती, "काका, पेन चालतंय का ते बघत होतात, की ही सही झाली?" हे सगळं मी बोलतोय आन माझी पोरगी लिहून घेतेय. मधेच ती थांबते आन विचारते, "बाबा, हे खरंच झालं होतं ना?" तिची चूक नाय. आमच्या घरात मी खरं बोलतोय असं वाटलं की माणसं कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात.

मी घरजावई. खोडाळ्याच्या खालच्या अंगाला सासऱ्याचा पाडा आहे, लग्न झाल्यावर तिथं गेलो तो तिथलाच झालो. घरजावयाला बैलाच्या खालोखाल मान असतो. बैल आजारी पडला तर डॉक्टर बोलावतात, एवढाच फरक. सासऱ्याला मी मामा म्हणायचो. त्यांची आई ती आमची आजी. कमरेत पार वाकलेली, पण नजर अशी की मी खिशात काय लपवून आणलंय ते तिला उंबऱ्यात बसून कळायचं.

शेतीत माझा उपयोग नाय हे सगळ्यांच्या लवकर ध्यानात आलं, म्हणून मला जव्हारला एका चाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात लावून दिलं. नांगराचे फाळ, गाडीचे आख, विहिरीतल्या पंपाचे पाईप, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं तिथं यायचं. सोमवारी मी जीपच्या मागं लटकून जायचो आन शनिवारी तसाच लटकून परत.

आता त्या लढाईच्या गाडीचं सांगतो.

मामांच्या सगळ्यात खालच्या भातखाचरात, बांधाच्या कडेला, जमिनीतून एक लोखंडी झाकण वर आलेलं होतं. परातीएवढं गोल, वर शेंदूर फासलेला. त्याच्याखाली रणगाडा होता. पाड्यावर त्याला लढाईची गाडी म्हणायचे. जुन्या मोठ्या लढाईच्या वेळी गोरे सोल्जर आमच्या डोंगरात सरावाला यायचे, असं म्हातारी माणसं सांगायची. वाट दाखवायला त्यांनी पाड्यावरचा एक तरणा माणूस घेतला. तो आजीचा नवरा. मामा तेव्हा पोटात होते. भर पावसात ती गाडी नाल्याकडं उतरली, तेव्हा झाकणातून तो कमरेएवढा वर निघाला होता आन हसत होता. एवढं सगळ्यांनी बघितलं. खाली गेल्यावर गाडी चिखलात बसली, त्याच पावसात वरची दरड सुटून तिच्यावर आली, सोल्जर ट्रकांत बसून निघून गेले. तो काय घरी आला नाय.

कोण म्हणालं आत राहिला, कोण म्हणालं गोऱ्यांच्या मागं गेला. आजीनं हेही धरलं नाय आन तेही नाय. आमच्यात माणूस मेला की त्याचे दिवस घालतात आन पाड्याबाहेर त्याच्या नावाचा दगड बसवतात. त्याला चिरा म्हणतात. चिरा बसला की माणूस वाडवडिलांत जाऊन बसला, त्याची काळजी मिटली. बसला नाय तर तो तसाच हिंडत राहतो, कुडाच्या बाहेरून हाका मारतो. आजोबांचा चिरा नव्हता. गावकीनं कितीदा विषय काढला. आजीचं एकच, "मेला ते कुनी बगलं?" तिनं बांगड्या फोडल्या नाय, कपाळ पुसलं नाय. फक्त दर अमावस्येला नागलीची आंबील घेऊन ती खालच्या खाचरात जायची आन झाकणावर ओतायची. चांगली आंबट झालेली, वर मूठभर मीठ. त्याला खारटच आवडायचं म्हणे.

त्या कोपऱ्यात मी एकटा कधी थांबायचो नाय. पावसात तिथून लाल पाणी यायचं. आमची मातीच तांबडी, पण हे पाणी वेगळं होतं, वर तेलासारखी साय धरलेलं, आन चव रक्ताची. चव मला ठाऊक आहे कारण मी तोंडावर पडलो होतो. बैल नांगराला असले तरी त्या जागेला वळसा घालायचे. आन उन्हाळ्यात दुपार कलली की जमिनीखालून टक्, टक् आवाज यायचा, कुणी आतून नखानं वाजवावं तसा. तापलेलं लोखंड निवताना बोलतं. दुकानात तो आवाज मी रोज ऐकायचो. पण दुकानात ते लोखंड डोळ्यांपुढं असतं.

जव्हारला नेट आलं तेव्हाची ही गोष्ट. चाचांच्या दुकानाजवळ एकानं खोलीत कम्प्युटर मांडले होते. एकदा शहरातली ट्रेकिंगवाली पोरं आली, धबधबे बघता बघता आमच्या खाचरात उतरली आन शेंदूर लावलेल्या झाकणाचे फोटो काढून गेली. मामांनी त्यांना पाणी पाजलं, मी त्यांना थापा पाजल्या. थोड्या महिन्यांनी नेटवाल्यानं मला दुकानातून बोलावून नेलं. "बघ, तुझी सासुरवाडी नेटवर आलीय."

मी बघितलं तर पडद्यावर एक अख्खा रणगाडा. हिरवा रंग शाबूत, साखळीचा पट्टा शाबूत, क्रेनला लटकलेला, खालून पाणी गळतंय. भोवती माणसं, अंगात जाड कोट, डोक्यात लोकरीच्या टोप्या. मागं झाडं होती, त्यांना पानच नाय.

मी म्हटलं, "आमच्याकडं एवढी थंडी कधी पडली?"

"खाली मोखाडा लिहिलंय, तुमचाच तालुका," तो म्हणाला, आन वाचून दाखवायला लागला. मोखाड्याच्या जंगलात साठ वर्षं पुरलेली गाडी. कणभर गंज नाय. आत ड्रायव्हर बसलेला आहे, अंगावरचं कातडंसुद्धा तसंच. बटण दाबलं की इंजिन धडधडतं. आदिवासी लोक दर अमावस्येला तिला रक्त पाजतात.

"आंबील पाजतात," मी म्हटलं.

"ते कुणी लिहील का?"

तो माणूस चौकस होता. त्यानं शोधून शोधून तोच फोटो दुसरीकडं काढला. तिथं इंग्रजीत खाली लिहिलेलं होतं, ते त्यानं मला समजावलं. ती गाडी कुठल्या तरी थंड मुलखातल्या तळ्याच्या बुडाशी चिखलात रुतली होती. त्या चिखलात हवा पोचत नाय, म्हणून लोखंड टिकलं. मंग कुणीतरी नुसता फोटो उचलला, खालच्या ओळी तिथंच सोडल्या. दुसऱ्यानं आमचं झाकण त्याच्याशेजारी लावलं. तिसऱ्यानं ड्रायव्हर बसवला. ज्याच्या हातात आलं त्यानं एकेक भर घातली. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. मी आयुष्यभर तेच करत आलोय, फक्त मला वीज लागली नाय.

दुकानात जाऊन मी चाचांना सांगितलं की लढाईचं लोखंडच वेगळं असतं, त्याला गंज चढत नाय. चाचा हसले. कोपऱ्यात एका विहिरीतून काढलेला पंपाचा पाईप पडला होता, तो त्यांनी माझ्यापुढं सरकवला. "हात फिरव."

खालचा भाग, जो कायम पाण्यात बुडालेला, तो बरा होता. वरचा, हवेतला, तोही बरा. मधे वीतभर जागेत, जिथं पाणी चढतं-उतरतं, तिथं पाईप असा खाल्लेला की माझं बोट आरपार गेलं. आन अडकलं. ते बाहेर काढायला साबण आणावा लागला.

"गंजाला पानी भी लागतं, हवा भी लागते," चाचा साबण लावता लावता म्हणाले. "तुझ्या सासऱ्याचं खाचर म्हणजे काय? चार महिने बुडलेलं, बाकी टाईम तडा गेलेलं. दर साल ओलं, दर साल सुकं. तिथं लोखंड काय टिकनार? आन वरून तुझी आजी निमक टाकते, खट्टा टाकते."

मी म्हटलं, "आजीला सांगू नका."

पण आजीला दुसऱ्यांनीच वेगळं सांगितलं. ठाण्याला मजुरीला गेलेली आमची माणसं तिकडून नेटचा कागद घेऊन आली. मोखाड्याच्या बाजारात तो चहाच्या टपरीवर चिकटवलेला होता, वर प्लास्टिक लावून. कुणीतरी आजीला फोटो दाखवला आन वाचून सांगितलं की आत माणूस बसलेला आहे, सडलेला नाय.

त्या शनिवारी मी घरी आलो तर ती उंबऱ्यात माझीच वाट बघत होती. असं कधी झालं नव्हतं. मी मुकाट्यानं खिसे रिकामे करायला लागलो.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "तुला लोकंड कापता येतं ना?"

"येतं थोडं."

"मंग झाकन उगड. आत त्यो असंल तं मी बगीन. मंग दिस घालू, चिरा बसवू. नसंल तं नसंल. माजे डोळे हायेत तवर मला कळू दे."

मामा मागं भिंतीला टेकून उभे होते. ते कधी जास्त बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "जावाय, मी बापाचं तोंड बघितलेलं नाय."

मी जव्हारला जाऊन चाचांकडं गॅस कटर मागितला. चाचांनी साफ नकार दिला. आत पेट्रोल असलं तर तुझे तुकडे गोळा करायला मला यावं लागेल, आन मला टाईम नाय, म्हणाले. मंग एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. बंद लोखंडात गंज चढतो तो आतली हवा खाऊन चढतो. आत माणसाला जगवेल अशी हवा उरलेली नसते, आन ती हवा दिसत नाय, तिला वासही नसतो. आधी दिवा सोड. दिवा जगला तरच डोकं घाल.

मी हो हो म्हटलं. कटर नाय तर नाय, वेल्डिंगचा काळा चष्मा तेवढा मागून आणला. पाड्यासमोर जायचं तर कायतरी सामान पाहिजे.

वैशाखातल्या अमावस्येची भर दुपार होती. अख्खा पाडा बांधावर येऊन बसलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. मी चष्मा लावला, त्यातून मला कायच दिसेना, म्हणून तो कपाळावर चढवला. लोकांना सांगितलं की हे काम दिवसभराचं आहे, कदाचित उद्यावरही जाईल, लढाईचं लोखंड आहे. मंग पहार उचलली आन झाकणाच्या मधोमध, जिथं आंबील पडायची तिथं, एक ठोका घातला.

पहार आरपार गेली. भाजलेल्या पापडातून बोट जावं तशी. हातातून सुटून खाली पडली आन खाली धप्प असा मऊ आवाज झाला. दिवसभराचं काम तेवढ्यात झालं.

मंग त्या भोकातून श्वास घेतल्याचा आवाज आला.

बाहेर सोडल्याचा नाय, आत घेतल्याचा. हुंऽऽ असा, लांब, झोपेतून उठताना माणूस घेतो तसा. भोकाच्या कडेची शेंदराची भुकटी उडून आत गेली. गवताची एक काडी सरकत सरकत गेली आन आत पडली. मला चाचांचं बोलणं आठवलं, की आतली हवा कमी झालेली असते, बाहेरची तिथं धावते. आठवलं, पण पाय आधीच मागं सरकले होते. एकदोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. बायका उठून उभ्या राहिल्या. आजी मात्र पुढं आली आन भोकाशी बसली.

मी घरातली घासलेटची चिमणी मागवली. दोरीला बांधली, पेटवली आन भोक जरा मोठं करून आत सोडली. ज्योत हातभर खाली गेली. ती फडफडली नाय, वाकली नाय, धूर सोडला नाय. होती, आन नव्हती. वर काढून परत पेटवली, परत सोडली. त्याच जागी गेली.

आजी हळू म्हणाली, "फुकली त्यानं."

खालून टक् आवाज आला. मंग बराच वेळ काय नाय. मंग परत टक्. आन आजी त्या भोकाकडं तोंड करून अशा आवाजात बोलायला लागली, जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पोरीचा आवाज होता तो. "अवो," ती म्हणत होती, "अवो, मी हाय. दिवा हाय त्यो. भिऊ नका."

मामा तोंड फिरवून उभे राहिले.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला सांगू नका, मला बायकोनं सांगितलंय. मला वाटलं, कायतरी हसवावं. सगळ्यांची भीती जाईल, आजीही गप होईल. मी भोकाच्या कडा लाथेनं मोडल्या, डोकं जाईल एवढं केलं, पालथा पडलो, डोकं आत घातलं आन मोठ्यानं म्हटलं, "आजोबा, रामराम, मी जावाय."

पुढचं मला ठाऊक नाय. आत अंधार होता, गार होतं, एवढं आठवतं. वास कसलाच नव्हता. शुद्धीवर आलो तेव्हा मी बांधावर होतो आन मामा माझे दोन्ही पाय धरून बसले होते, अजून सोडलेले नव्हते. तोंडावर अमावस्येची आंबील ओतलेली, कारण जवळ तेवढंच होतं. नाकातून आंबट येत होतं. बायको रडत होती आन शिव्या देत होती, दोन्ही एका दमात.

आजी माझ्यावर वाकली. "काय बोलला त्यो?"

"काय नाय बोलला."

"दिसला का?"

सगळा पाडा माझ्याकडं बघत होता. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. दिवस घातले असते, चिरा बसला असता, म्हातारी सुखानं निजली असती. लोकांनी मानलंही असतं, जो आत जाऊन अर्धा मेला त्याच्यावर संशय कोण घेणार? होकार ओठांवर आला होता. पण तिची नजर ती उंबऱ्यातली. मी म्हटलं, "आजी, मला दिसायच्या आधीच मी आडवा झालो. मला ठाऊक नाय."

ती म्हणाली, "बरं झालं. आज तू खरं बोललास."

सकाळी चाचा आले. जीपवाल्यांनी जव्हारला माझ्या मयताची बातमी नेली होती. मला चुलीपुढं भाकरी खाताना बघून त्यांनी आधी दोन शिव्या घातल्या, मंग भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा काढला. पंख्याला पाईप लावून तो भोकात सोडला आन आम्ही आळीपाळीनं फिरवत बसलो. किती वेळ ते सांगता येत नाय, खांदे गेले एवढं खरं. मंग चिमणी सोडली. ती जगली. आजी ज्योतीकडं बघत राहिली.

घरातला आरसा आणला, त्यानं ऊन आत टाकलं. मी डोकं घालायला पुढं झालो तर बायकोनं सदरा धरला. म्हणून चाचा पालथे झाले आन मामा त्यांच्या शेजारी.

आत पहिल्यांदा नुसता लाल गाळ. कडेचं लोखंड फुगून पापुद्रे सुटलेले, एकावर एक, झाडाच्या सालीसारखे, बोट लावलं की गळतील असे. खुर्चीच्या स्प्रिंगा गाळातून वर आलेल्या. माझी पहार उभी रुतलेली. माणूस नव्हता. हाड नव्हतं, कापड नव्हतं. चाचांनी आरसा पुढच्या अंगाला फिरवायला लावला. तिथं ड्रायव्हरच्या बसायच्या जागेवर दुसरं झाकण होतं, आन त्यातूनच गाळ आत येऊन ते बुजलं होतं.

"हे खुल्लं आहे," चाचा म्हणाले. "जबरदस्तीनं नाय. कडी आतून सरकवलेली दिसते. जे कोन होते, ते दरड यायच्या आधी उतरून गेले."

मामा बराच वेळ तसेच पालथे पडून राहिले. मंग उठले आन आईकडं बघायला लागले. आजीनं ऐकलं होतं. तिनं चाचांना एकदाच विचारलं, "समदे?"

"सगळे, अम्मा. आत कोई नही."

"म्हंजे त्यो उतरला," ती म्हणाली. मंग काठी उचलली. "उतरला आन घरी नाय आला."

ती काठी टेकत वर घराकडं गेली. पुढच्या अमावस्येला तिनं आंबील केली, सगळ्यांना वाढली आन स्वतः दोन वाट्या प्याली. खाली गेली नाय.

नेटवर मात्र गाडीत ड्रायव्हर अजून बसलेलाच होता. मोखाड्याच्या बाजारात चहा पिताना एका अनोळखी माणसानं मला सांगितलं की त्या रणगाड्यात एक गॅस कटरवाला उतरला होता, आतल्यानं त्याला ओढून घेतलं, परत आलाच नाय. मी विचारलं, कसा होता हो तो? चांगला होता म्हणे बिचारा, मेहनती. मी त्याच्या चहाचे पैसे दिले. नेटवाल्याला मी म्हटलं होतं की खरं काय ते टाक, आत नुसता गाळ आहे म्हणून. त्यानं टाकलं. खाली कुणीतरी लिहिलं की हे सरकार दडवतंय. मंग त्या भोकावर मामांनी दगड-माती लोटली. तरी संध्याकाळी तिथून जाताना मी अजून पाय उचलून टाकतो. आत कुणी नाय हे कळल्यापासून तो टक् आवाज मला जास्तच भिववतो. आधी निदान कुणीतरी वाजवत होतं.

दिवाळीनंतर आजीनं मामांना बोलावलं आन म्हणाली, "त्याचं दिस घाल."

मामा चक्रावले. "आई, आता तर कळलं तो तिथं मेला नाय. कुठं जगला असंल, कुठं..."

"म्हनून तं सांगते. लोकंडानं धरला व्हता असं वाटत व्हतं तवर मी थांबले. धरलाच नव्हता."

मामांनी दिवस घातले. बांगड्या तिनं स्वतः काढल्या, फोडल्या नाय, नातीला, माझ्या बायकोला, देऊन टाकल्या. चिरा घडवायला पाथरवट आला. आमच्या चिऱ्यांवर घोड्यावर बसलेला माणूस असतो, वर चंद्र-सूर्य. सगळ्यांचे तसेच, जन्मात घोड्याला हात न लावलेल्यांचेसुद्धा. पाथरवटानं कोळशानं दगडावर घोडा काढायला घेतला तर आजी म्हणाली, "घोडा नको. पायी दाखव. आन पाठमोरा."

"पाठमोरा चिरा नसतो, म्हातारे," पाथरवट म्हणाला. "तोंड नाय तर वळखायचा कसा?"

"मी वळखीन."

देवाचं बघणारा भगत कुरकुरला, गावकी कुरकुरली. तिनं ऐकलं नाय. चिरा झाला. चंद्र, सूर्य, आन खाली एक माणूस, पाठ केलेला, एक पाय पुढं टाकलेला. बसवायच्या दिवशी तो वाहून न्यायचं काम घरजावयाकडं आलं. चिंचेखाली सगळे घोडेस्वार रांगेत, पाड्याकडं तोंड करून. मी दगड टेकवला, अंगठा खाली सापडला, तो काढला आन आजीला विचारलं, "याला कसा बसवू? पाठ पाड्याकडं येईल असा, का पाठ रस्त्याकडं?"

तिनं रस्त्याकडं बघितलं.

"पाठ माज्याकडं कर," ती म्हणाली. "त्यो जातोय."